मी आपल्या घरात इयत्ता चौथीत शिकत आहे

मुलगा चौथीत असताना एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्या हातातून टीव्हीचा रिमोट काढून घेतला आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. गृहपाठ झाला का, असं तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा 'हो' आलं होतं. दप्तर उघडलं, तर वह्या सकाळी भरल्या तशाच होत्या. रडारड झाली नाही, तो मुकाट्याने आत गेला. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात गेले, तेव्हा ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला एक कागद दिसला. वहीच्या मधोमधचं पान, समास आखलेला, अक्षर नेहमीपेक्षा बरं. त्यावर लिहिलं होतं :

"प्रति, मा. आई, स्वयंपाकघर. विषय : टीव्हीचा रिमोट परत मिळणेबाबत. महोदया, मी आपल्या घरात इयत्ता चौथीत शिकत आहे. आज सायंकाळी आपण माझा रिमोट जमा केला आहे. उद्या शनिवार आहे. तरी रिमोट लवकरात लवकर परत मिळावा, ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व. आपला आज्ञाधारक," आणि खाली वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, हजेरी क्रमांक २३.

हा कागद माझ्याकडे अजून आहे. आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही काही लिहिणारी मंडळी जमतो. मुलाबाळांच्या घरातलं रोजचं जगणं विनोदी अंगाने कसं लिहावं, असं कुणी विचारलं की मी आधी हा अर्ज वाचून दाखवते, कारण मला जे काही सांगता येण्यासारखं आहे ते बहुतेक त्यात आहे.

शाळेत त्याच आठवड्यात अर्जलेखन शिकवलं होतं. बाईंनी दिलेला नमुना त्याला पाठ होता. 'मी आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे' या वाक्यातला 'शाळेत' हा शब्द त्याने काढला, 'घरात' घातला आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहू दिलं. विनोद करण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. त्याला रिमोट हवा होता. आपण ज्याच्यावर हसतो तो माणूस त्या क्षणी अगदी मनापासून, पूर्ण गांभीर्याने काहीतरी मिळवू पाहत असतो. लहान मुलांमध्ये हे गांभीर्य काठोकाठ भरलेलं असतं, म्हणून त्यांच्या घरात विनोदाला तोटा नसतो. लिहिणाऱ्याने ते गांभीर्य सांभाळायचं. मूल गंमत करत होतं असं दाखवलं, की गंमत संपते.

मराठीत याचा धडा घ्यायचा तर चिं. वि. जोशी वाचा. पाली भाषेचा अभ्यास करणाऱ्या, बडोद्यात प्राध्यापकी करणाऱ्या या लेखकाने चिमणराव उभा केला, तो स्वतःची हकीकत सांगताना कधीही हसत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं चोख चाललेलं असतं. १९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला, तेव्हाही त्या दोघांच्या चेहऱ्यावर 'बघा कशी गंमत' असा भाव नसायचा. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

या अर्जावर मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सुरुवात अशी होती : 'आमचे चिरंजीव म्हणजे एक नंबरचे खट्याळ. परवा त्यांनी असा काही धमाल अर्ज लिहिला, की आम्ही सगळे पोट धरून हसलो.' हे तुमच्याही हातून होईल, म्हणून त्यात काय चुकलं ते नीट पाहून ठेवा. मूल खट्याळ आहे, अर्ज धमाल आहे, आम्ही हसलो, हे तिन्ही निकाल मी वाचकाच्या आधीच लावून टाकले. वाचकाला करायला काही उरलंच नाही. घरातले हसले हे वाचून कुणी हसत नाही. वाचकाला तो कागद दिसायला हवा, मिसळणाच्या डब्याला टेकवलेला, समास आखलेला. 'चिरंजीव' हा शब्दही काढून टाका. विनोदी लेखात मुलाला चिरंजीव, मुलीला कन्यारत्न आणि बायकोला सौभाग्यवती म्हणायची रीत फार जुनी झाली. तो शब्द दिसला की वाचक सावध होतो, आता आपल्याला हसवणार म्हणून. मुलाला मुलगा म्हणा.

नोंदीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचं अडतं ते इथेच. 'परवा आमची धाकटी काय बोलली माहितीय?' असं म्हणून सांगायला सुरुवात होते आणि नेमकं वाक्य आठवत नाही. मग मोठ्या माणसाने बेतलेलं वाक्य मुलाच्या तोंडी जातं आणि ऐकणाऱ्याला ते लगेच खोटं वाटतं. मुलाचं वाक्य तासाभरात लिहून ठेवा. ओट्याजवळ, दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला, मोबाइलमध्ये, कुठेही चालेल. त्याचा अर्थ नव्हे, त्याचे शब्द लिहा, चुकलेल्या व्याकरणासकट आणि मध्येच आलेल्या इंग्रजी-हिंदी शब्दांसकट. सोबत दोनच गोष्टी टिपा : तेव्हा त्याच्या हातात काय होतं आणि त्याला काय हवं होतं. महिनाभर असं करा. तीस दिवसांत आठ-दहा वाक्यं जमतील, त्यातली दोन लेखाला पुरतील. बाकीची वाया जात नाहीत, वर्षभराने दुसऱ्याच एखाद्या प्रसंगात बरोबर बसतात.

इंग्रजी माध्यमात शिकणारी नातवंडं आणि मराठीत हिशेब करणारी आजी एका घरात असतील, तर नोंदवही लवकर भरते. माझ्या ओळखीच्या एका घरात आजीने नातवाला भाजीचे पैसे द्यायला पाठवलं आणि बजावलं, "एकोणसाठ झालेत, नीट मोजून दे." तो जिन्यावरून परत आला. "आजी, एकोणसाठ म्हणजे सिक्स्टीच्या अलीकडे की पलीकडे?" मुलाने आकडा विचारलाच नाही, पत्ता विचारला. त्याच्या आईने हे वहीत लिहिताना 'एकोणसाठ म्हणजे किती, असं त्याने विचारलं' एवढंच लिहिलं होतं. आम्ही तिला मूळ वाक्य आठवायला लावलं तेव्हा 'अलीकडे की पलीकडे' बाहेर आलं. सगळा लेख त्या तीन शब्दांवर उभा राहिला. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला ते अनेकांना आठवत असेल. त्या वादाचं मूळ असं घराघरातल्या जिन्यावर होतं. परदेशातल्या मराठी घरांत तर ही वही आणखी लवकर भरेल.

आता वाक्याबद्दल. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विनोदाला ते अनेकदा मारक ठरतं. 'रिमोट शेवटी बाबांना फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात सापडला' हे वाक्य बरोबर आहे, पण त्यात आश्चर्य मध्येच येऊन जातं आणि शेवटी 'सापडला' हा फिका शब्द उरतो. मराठीत शब्दांचा क्रम बदलायची मोकळीक भरपूर आहे, ती वापरा. 'रिमोट सापडला. बाबांनाच सापडला. भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या पिशवीत.' ज्या शब्दावर हसू यायचं तो शेवटी आणि त्याच्यानंतर एकही शब्द नाही. 'पिशवीत' नंतर 'आणि आम्ही सगळे बघतच राहिलो' असं लिहायचा मोह होतो. आवरा. तसंच 'भाजीच्या पिशवीत' पेक्षा 'कोथिंबिरीच्या पिशवीत' का बरं, तेही बघा. कोथिंबीर निवडायला कोण बसलं होतं, टीव्ही बघत बघत कुणी ती पिशवीत भरली, हे त्या एका शब्दाने न सांगता कळतं.

काय मागे ठेवायचं हाही याच हिशेबाचा भाग आहे. मुलाच्या अर्जातली एक गोष्ट मी तुम्हाला अजून सांगितलेली नाही. त्याच्या नावाखाली, हजेरी क्रमांकाच्याही खाली, दुसऱ्या अक्षरात आणखी एक सही होती. माझ्या सासूबाईंची. साडेसातला त्यांची मालिका लागायची.

सहीचं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलं असतं, तर ती अर्जातल्या इतर मजकुरात हरवली असती. इथे ती वेगळी उभी राहिली, कारण मधल्या वेळात अर्ज तुमच्या ओळखीचा झाला होता. तुमच्या लेखातही बघा, सगळ्यात चांगला तपशील तुम्ही उत्साहाच्या भरात पहिल्या चार ओळींत खर्च करत नाही ना. आधी वाचकाला घर ओळखीचं होऊ द्या. कोण कशासाठी झटतंय हे कळू द्या. मग तो तपशील द्या आणि लगेच पुढच्या गोष्टीकडे वळा.

सासूबाईंची मालिका आली, तेव्हा आता टीव्हीकडे. मुलांच्या वाढीवर टीव्हीचा काय परिणाम होतो, यावर पुष्कळ लिहिलं जातं आणि ते गरजेचंही आहे. लिहिणाऱ्याला मात्र टीव्ही वेगळ्या कारणाने उपयोगी पडतो. आजोबा, आजी, आई, बाबा आणि मुलं ही सगळी एका दिशेला तोंड करून एकत्र बसतात, अशी जागा घरात तेवढी एकच उरली आहे. तुम्ही पडद्याकडे बघू नका. टीव्हीशेजारी एक खुर्ची टाका, म्हणजे सगळे तुमच्याकडे तोंड करून बसलेले दिसतील. खरंच करून बघा.

सासूबाई मालिकेतल्या नायिकेशी बोलायच्या. एकदा पडद्यावर ती घाईघाईने बाहेर पडली. या म्हणाल्या, "अगं, दार लाव आधी." मुलगा शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "आजी, तिला ऐकू जातं का?" त्या म्हणाल्या, "नाही रे. पण सांगणं आपलं काम आहे." एवढंच. हे वहीत टिपताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की पुढे लिहावं, 'आम्हा मुला-सुनांनाही त्या आयुष्यभर असंच सांगत आल्या.' ते मी लिहिलं आणि खोडलं. ज्यांच्या घरात सांगणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी 'सांगणं आपलं काम आहे' एवढं वाचलं की पुढचं त्यांचं ते जोडून घेतात, आणि स्वतः जोडलेलं वाचकाला जास्त आवडतं.

ज्यांचं बालपण दूरदर्शनच्या काळातलं आहे, त्यांच्याकडे तर मोठी शिदोरी आहे. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं एका आळीत, एका चाळीत मोजकेच संच होते. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हाही रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी चपलांचा ढीग लागायचा. या आठवणी लिहिताना बहुतेकजण 'काय ते दिवस होते' असं म्हणून थांबतात. त्याऐवजी अँटेना फिरवण्याचा एकच प्रसंग घ्या. गच्चीवर काका, खिडकीत आई, टीव्हीसमोर आजोबा.

"आलं का?"
"काका विचारतात, आलं का?"
"मुंग्या."
"मुंग्याच आहेत हो!"
"आता?"
"आलं! आता हलू नका म्हणावं."
"हलू नका!"
"किती वेळ?"
"पिक्चर संपेपर्यंत."

यात 'ओरडून म्हणाले', 'वैतागून विचारलं' असं कुठेही नाही. कोण बोलतंय ते जागेवरून कळतं. आजोबांना मधला निरोप्या लागतो आणि त्यांना चित्रपट बघायचा आहे, एवढ्यात प्रसंग पुरा होतो. तुमच्या घरातलं लिहायला घ्याल तेव्हा एखादा प्रसंग असा नुसत्या संवादात लिहून बघा. वर्णन लागेल तिथेच घाला, बहुतेक ठिकाणी लागणार नाही.

टीव्हीवरच्या कार्यक्रमांतूनही पुष्कळ शिकता येतं, फक्त बघण्याची पद्धत बदलावी लागते. दूरदर्शनवर पूर्वी 'गजरा' असायचा, पुढे 'चला हवा येऊ द्या' आला, २०१८ पासून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आहे. यातलं एक प्रहसन निवडा. पहिल्यांदा मनसोक्त हसून बघा. दुसऱ्यांदा कागद घेऊन बसा आणि जिथे हसू फुटलं त्याच्या अगदी आधीचा शब्द लिहून काढा. पंधरा मिनिटांच्या प्रहसनात अशी यादी झाली की तिच्याकडे बघत बसा. तीच गोष्ट दोनदा येऊन तिसऱ्यांदा मोडली आहे, असं बऱ्याच ठिकाणी दिसेल. सुरुवातीला सहज येऊन गेलेली एखादी वस्तू शेवटी परत आली आहे, हेही दिसेल. मात्र एक फरक विसरू नका. नटाकडे चेहरा असतो, थांबणं असतं, आवाज असतो. कागदावर भुवई नसते, आणि उद्गारचिन्हांनी तिची भरपाई होत नाही. म्हणून प्रहसनातलं वाक्य लेखात तसंच उचललं तर पडतं. थांबायचं कुठे हे शिका. कागदावर ते काम पूर्णविराम आणि नवा परिच्छेद करतात.

पालकांनी तर एक मालिका अभ्यास म्हणून बघावी, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकर 'लोकसत्ते'त 'अनुदिनी' नावाचं सदर लिहीत, त्यातून केदार शिंदे यांनी ती २००१ मध्ये अल्फा मराठीवर आणली. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या, तीन पिढ्यांचं मध्यमवर्गीय घर. सदराची कल्पना रोजनिशीची होती, घरातली माणसं आपापल्या नजरेतून लिहायची. ही कल्पना सरावासाठी फार सोन्यासारखी आहे. तुमच्या घरातला कालचा एकच प्रसंग घ्या आणि तो घरातल्या प्रत्येकाच्या रोजनिशीत दहा-दहा ओळींत लिहा. रिमोट कपाटात गेला त्या संध्याकाळचं मी असं लिहून पाहिलं. माझ्या पानावर तो शिस्तीचा प्रश्न होता. मुलाच्या पानावर तो कायद्याचा प्रश्न झाला. सासूबाईंच्या पानावर मालिकेतल्या लग्नाचं काय झालं असेल ही काळजी होती. नवऱ्याच्या पानावर फक्त इतकंच : 'आज घरी आलो तर टीव्ही बंद. कुणाला विचारावं का, याचा विचार करत हात-पाय धुतले.' मी सगळ्यात चांगली ओळ माझ्या पानावर येईल असं समजत होते. ती नवऱ्याच्या पानावर आली, कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. घरातल्या कुठल्याही प्रसंगात सगळ्यात कमी माहिती असलेला माणूस कोण ते शोधा आणि त्याच्या बाजूने लिहा.

'घरकामातून, मुलांमधून वेळ मिळाला की लिहीन' असं म्हणणाऱ्या आयांसाठी अमेरिकेतलं एक नाव सांगते. ओहायो राज्यात डेटनजवळच्या उपनगरात राहणाऱ्या एर्मा बॉम्बेक या तीन मुलांच्या आईने १९६४ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, स्थानिक वर्तमानपत्रात सदर सुरू केलं. एका लेखाचे तीन डॉलर मिळत. झोपायच्या खोलीत सिमेंटच्या ठोकळ्यांवर फळी टाकून तिने मेज केलं होतं. विषय धुणं, मुलं, नवरा, शेजार एवढेच. पुढे तिचं सदर अमेरिका आणि कॅनडातल्या जवळजवळ ९०० वर्तमानपत्रांत जात असे. तिने विषय बदलला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मंगला गोडबोले यांनी घरसंसारातल्या बारीकसारीक गोष्टींवर सातत्याने विनोदी लिहिलं आहे. त्यांची पुस्तकं वाचनालयात सहज मिळतील.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं, पण त्याशिवाय हा लेख मी लिहिणार नाही. मुलगी सहावीत असताना संध्याकाळी आरशासमोर उभी राहून मालिकेतल्यासारखे संवाद म्हणायची. एकदा दार अर्धं उघडं होतं. मी ऐकलं, लिहिलं, आणि तेव्हा फार बरं जमलंय असं वाटून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं. खूप हसरे चेहरे आले. तिसऱ्या दिवशी वर्गात मधल्या सुट्टीत दोन मुलींनी तोच संवाद तिच्यासमोर म्हणून दाखवला. ती घरी आली, बूट न काढता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ते माझं होतं." मी तो मजकूर गटावरून काढला. तोवर तो कुठे कुठे गेला होता, ते मला आजही माहीत नाही. तिने दोन-अडीच वर्षं खोलीचं दार आतून लावून घेतलं.

तेव्हापासून माझ्या घरात काही गोष्टी ठरल्या आहेत आणि त्या तुम्हीही ठरवाव्यात, असं मी कळकळीने सांगते. वाचता येणाऱ्या मुलाला लेख आधी वाचायला द्यायचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचा. तो नको म्हणाला तर नको. 'का' असं विचारायचं नाही. मार्क, शरीर, आजार, भीती, झोपेतलं, प्रेमातलं हे लेखात येणार नाही, मग ते कितीही हसवणारं असो. शाळेचं नाव, इमारतीचं नाव, फोटो यातलं काहीही द्यायचं नाही. मुलाने केलेलं लिहायचं, मुलाला जे झालं ते नाही. हा फरक नीट लक्षात घ्या. अर्ज लिहिणं ही त्याने केलेली गोष्ट होती आणि ती त्याला आजही अभिमानाने सांगता येते. आरशासमोर कुणीतरी चोरून ऐकलं, ही तिच्या बाबतीत झालेली गोष्ट होती. शंका आली, तर हा लेख मुलगा पंचविसाव्या वर्षी आपल्या मित्राला आपण होऊन वाचायला देईल का, असं स्वतःला विचारा.

नवरा-बायकोवरचे तयार विनोद, कामवाल्या बाईंची टिंगल, कुणाचा रंग, कुणाची जाडी, कुणाचं बोलणं गावठी म्हणून हसणं, हे सगळं दारातच थांबवा. आजी मालवणीत बोलत असेल, आजोबा अहिराणीत किंवा वऱ्हाडीत बोलत असतील, तर त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या. बोली चुकवून लिहाल तर ती टिंगल होते, म्हणून लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवा. ते दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करताना आणखी दोन वाक्यं देतील.

लेख झाला की मोठ्याने वाचा. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत हिंडले. विनोदी कथा कानाला कशी लागते, हे मिरासदारांचं ध्वनिमुद्रण ऐकलं तरी कळेल. वाचताना जिभेला ठेच लागली तिथे वाक्य तोडा. ऐकणारा मोबाइलकडे बघायला लागला तिथे ओळ काढा. पहिला परिच्छेद तर काढूनच बघा. दहापैकी सात वेळा लेख दुसऱ्या परिच्छेदापासून चांगला सुरू होतो, निदान आमच्या वाचनालयातल्या लेखांच्या बाबतीत तरी तसं झालं आहे. आठशे शब्दांत मावेल तेच लिहा, एका लेखात एकच प्रसंग. पाठवायचं असेल तर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आहेत, आणि १९५१ पासून निघणाऱ्या 'आवाज'सारखे विनोदाला वाहिलेले दिवाळी अंक आहेत. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून लेख गणपतीपर्यंत ठेवून देऊ नका. पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक चाळा. उत्तर आलं नाही तर पुढचा लेख लिहायला घ्या, पहिला तोवर थोडा जुना होऊ द्या. जुना झालेला लेख खोडायला सोपा जातो.

हा लेखही घरातल्या नियमाप्रमाणे मी दोघांना वाचायला दिला. मुलाने अर्जाच्या परिच्छेदाशेजारी 'बरोबर' अशी खूण केली. मुलगी आता अकरावीत आहे. आरशाचा परिच्छेद तिने दोनदा वाचला. म्हणाली, "हे राहू दे. पण मी 'आई, ते माझं होतं' असं म्हटलं नव्हतं."

"मग?"

"'आई, ते माझं चालू होतं,' असं म्हटलं होतं."

मी पेन घेतलं. ती म्हणाली, आता खोडू नकोस, खाली लिही.